हिस्सा कुणाचा, खुर्ची कुणाची? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार. मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र, आम्ही १९९६ साली सांगलीत खणभागात एका खोलीत डिझाइनचं दुकान टाकलं. हळदीची पाकिटं, बेदाण्याचे बॉक्स, लग्नपत्रिका, जे मिळेल ते केलं. आता विश्रामबागला स्टुडिओ आहे, नऊ माणसं आहेत. चित्र, अक्षरं, रंग सगळं तो बघतो आणि गिऱ्हाईक, दर, वसुली माझ्याकडे. भागीदारीचं डीड, म्हणजे करारपत्र, तेव्हाचंच आहे, स्टॅम्प पेपरवर, पन्नास-पन्नास टक्के, नोंदणी केलेली नाही. दोन वर्षांपूर्वी मित्राची बायपास झाली, तेव्हापासून तो अर्धा दिवस येतो. त्याचा मुलगा पुण्यात ॲनिमेशन शिकून आलाय आणि मित्राला त्याला आपल्या जागी बसवायचंय, तोंडाने बोलत नाही पण कळतं. इकडे स्टुडिओत एक मुलगी अकरा वर्षं काम करतेय, खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त काम आता तिच्याच हातचं, मार्केट यार्डातले व्यापारी मला सोडून थेट तिला फोन करतात. तिला कोल्हापूरहून जास्त पगाराची ऑफर आलीय. मला दोन मुली, दोघींनाही या धंद्यात रस नाही. माझं वय ५८. विषय काढला तर मित्राला वाटेल हा माझ्या मरणाची वाट बघतोय. काय करावं? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा शेवटाकडच्या त्या एका वाक्याशीच अडखळले, मरणाची वाट बघतोय असं वाटेल म्हणून विषय काढायचा नाही. आम्हीही तेच केलं होतं म्हणून सांगते.

माझी आणि माझ्या मैत्रिणीची लग्नपत्रिका आणि भेटकार्डांची छपाई होती, सांगलीतच. ती हाताने अक्षरं काढायची, मी बाकी सगळं. ती अचानक गेली, दिवाळीच्या तोंडावर. दहाव्याच्या आतच बँकेने फर्मचं करंट अकाउंट थांबवलं. कागदाचा व्यापारी बिल हातात धरून काउंटरला उभा, मशीनवर निम्मे जॉब तसेच, आणि मला माझ्याच धंद्यातले पैसे काढता येईनात. बँकेची काही चूक नव्हती, नियमच तसा. पण खरा धक्का पुढे बसला. महिन्याभराने भाऊजी, म्हणजे तिचे मिस्टर, एक पत्र्याची ट्रंक घेऊन आले, तिच्यात बटर पेपरवर पेन्सिलीने काढलेली तिची सगळी अक्षरं, वीस-बावीस वर्षांची, काहींवर चहाचे डाग. ते म्हणाले, हे कुणाचं आता? घरचं का दुकानचं? मला उत्तर देता आलं नाही. ते भले माणूस, त्यांनी भांडण केलं नाही, पण मधला सहा महिन्यांचा अबोला मला आजही लागतो. एका संध्याकाळी बसून दोन पानं लिहिली असती तर ती ट्रंक अशी मधे आली नसती.

आता तुमचं. आधी कायद्याचं सांगते कारण ते लवकर सांगून होतं. आपल्याकडे भागीदारीचा कायदा १९३२ चा. त्यात कलम ४२ म्हणतं की करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर एक भागीदार गेला की फर्म विसर्जित. बरेच लोक म्हणून डीडमध्ये लिहून ठेवतात की मृत्यू झाला तरी फर्म चालू राहील आणि निवांत होतात. पण तुम्ही दोघंच आहात. एक गेला की उरतो एकटा आणि एकट्याची भागीदारी होत नाही, त्यामुळे ते वाक्य लिहिलंत तरी दोघांच्या फर्मला त्याचा काही उपयोग नाही. मागे राहणाऱ्याला मालकी धंदा म्हणून स्वतःच्या पॅनवर सुरुवात करायची, जीएसटी नंबर नवा घ्यायचा, जुन्या नंबरवरचं क्रेडिट वेगळा फॉर्म भरून वळवून घ्यायचं, आणि हे सगळं घरात सुतक चालू असताना. तिसरा भागीदार असेल आणि ते वाक्य डीडमध्ये असेल तर फर्म चालू राहते. म्हणजे तिसरं माणूस आत घेणं हे त्या मुलीवर उपकार वगैरे नाही, तुमच्या फर्मचा जीव त्यावर आहे.

नोंदणीही करून टाका. कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला करारातून येणं असलेल्या पैशांसाठी कोर्टात दावा लावता येत नाही. एखाद्या बेदाणेवाल्याने तीन लाख बुडवले तर तुम्ही नुसते फोन करत बसाल, आणि वसुली तुमच्याकडेच आहे म्हणता म्हणजे हे तुम्हाला जास्त कळेल.

मुख्य गोष्ट आता सांगते. तुम्ही दोघं (आणि मी मैत्रिणीबरोबर हेच केलं) दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरताय. एक आहे हिस्सा, म्हणजे इतकी वर्षं घातलेली मेहनत, भांडवल, दुकानाच्या नावाची किंमत, त्याचे पैसे. दुसरी आहे खुर्ची, म्हणजे पाकिटावरचा पिवळा कुठला हे ठरवणारा माणूस, प्रूफ नापास करणारा माणूस. हिस्सा वारसाला जातो आणि जायलाच पाहिजे, मुलाला आणि वहिनींना मित्राच्या हिश्श्यातली पै न पै मिळाली पाहिजे. खुर्ची वारशात येत नाही. कायदाही हेच सांगतो, सगळ्या भागीदारांच्या संमतीशिवाय नवा भागीदार आत येऊ शकत नाही, वारस झाला म्हणून आपोआप भागीदार होत नाही. आपल्याकडे घोळ होतो कारण बापाला वाटतं मुलाला खुर्ची नाही दिली तर आपलं सगळंच गेलं. पैशाची हमी कागदावर आली ना की ही भीती निम्मी कमी होते, मी दोन-तीन घरांत बघितलंय.

म्हणून पैशाचं आधी लिहा. मित्र थांबला किंवा गेला तर त्याच्या हिश्श्याची किंमत कशी काढायची, म्हणजे किती वर्षांच्या नफ्याची सरासरी आणि तिच्या किती पट, ते आजच ठरवा. पैसे किती वर्षांत किती हप्त्यांत द्यायचे तेही लिहा. तुमच्यासारख्या स्टुडिओत मशिनरी फारशी नसते, पैसा सगळा उधारीत आणि नावात अडकलेला, एकरकमी मागितले तर धंदा विकावा लागेल, तेव्हा तीन ते पाच वर्षांचे हप्ते ठेवा. काहीच लिहिलं नाही आणि हिशेब न मिटवता मागच्यांनी धंदा चालू ठेवला तर कलम ३७ आहे, त्यात जाणारा किंवा त्याचे वारस निवड करू शकतात, त्याच्या वाट्याच्या वापरातून झालेला नफा मागायचा किंवा वर्षाला ६ टक्के व्याज. मग त्या वाट्यामुळे नेमका किती नफा झाला यावर दोन्ही बाजूंचे सीए वर्षानुवर्षं बसतात.

ट्रंकेचा प्रश्नही यातच मिटवा. नोकराने नोकरीत केलेल्या कामाचा कॉपीराइट वेगळा करार नसेल तर मालकाचा, त्यामुळे त्या मुलीने अकरा वर्षांत केलेलं काम फर्मचं. भागीदार मात्र नोकर नव्हे. मित्राने हाताने काढलेली अक्षरं, चित्रं फर्मची आहेत असं धरून चालू नका, तसं लेखी करून घ्या, आणि लिहिताना मुदत घाला. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षंच धरतो. कॉपीराइट माणूस गेल्यावर ६० वर्षं चालतो, म्हणजे हा प्रश्न नातवंडांपर्यंत जाऊ शकतो. आणि २०१९ च्या महापुरात सांगलीत किती जणांच्या जुन्या फायली पाण्यात गेल्या ते तुम्हीही बघितलंय, तेव्हा त्या मूळ कागदांचे स्कॅन दोन जागी ठेवा, एक तरी गावाबाहेर.

अर्धा दिवस येण्याचं. करारात काही नसेल तर कायद्याने नफा सारखा आणि कामाबद्दल पगार कुणालाच नाही. मग एक दहा तास राबतो, दुसरा चार तास येतो, वाटणी तीच. तुम्ही पत्रात याबद्दल एक शब्द लिहिला नाहीत, यावरून तुम्ही कसे मित्र आहात ते कळलं, पण मनात कुठेतरी साठत असणारच आणि साठलेलं कधीतरी भलत्याच विषयावरून बाहेर पडतं. तेव्हा काम करणाऱ्या भागीदाराचा पगार वेगळा आणि नफ्याचा हिस्सा वेगळा करा. त्याचा हिस्सा पन्नास टक्केच राहू दे हवं तर, पगार कामाप्रमाणे. प्राप्तिकरात असा पगार खर्चात धरायचा तर तो डीडमध्ये लिहिलेला हवा आणि मर्यादेत हवा. २०२४-२५ पासून पहिल्या ६ लाख बुक प्रॉफिटवर (म्हणजे भागीदारांचा पगार वजा करण्याआधीच्या नफ्यावर) ३ लाख किंवा ९० टक्के यातलं जे जास्त ते, पुढच्या रकमेवर ६० टक्के. भांडवलावरचं व्याज १२ टक्क्यांपर्यंत. आणि १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला पगार-व्याज मिळून वर्षात २० हजारांच्या वर दिलं तर १० टक्के टीडीएस कापायचा आहे, हे बऱ्याच छोट्या फर्मना अजून माहीतच नाही. नवं डीड करताना सीएला शेजारी बसवा.

आता खुर्चीकडे येते. खुर्च्या दोन आहेत. तुम्ही पानभर मित्राच्या खुर्चीबद्दल लिहिलंत, तुमच्या खुर्चीचं काय? तुम्ही ५८ चे, मुलींना रस नाही, दर कोण ठरवणार, उधारी किती दिवस चालू द्यायची हे कोण ठरवणार, चिडलेल्या व्यापाऱ्याला शांत कोण करणार? आणि त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, व्यापारी तुम्हाला सोडून तिला फोन करतात. ती मुलगी मित्राच्या जागेची दावेदार आहे असं तुम्ही धरून चाललात, मला तर वाटतं ती तुमच्या खुर्चीत आधीच निम्मी बसलीय.

विषय इथूनच काढा. मित्राकडे जाऊन तुझ्यानंतर काय असं विचारूच नका. त्याला म्हणा, अरे मी ५८ चा झालो, उद्या मला काही झालं तर तू एकटा हे दर-वसुली कसं बघशील, मला झोप लागत नाही. हे खरंही आहे, त्यात काही डाव नाही. तुम्ही स्वतःच्या खुर्चीपासून सुरुवात केलीत की त्याचं तो आपोआप बोलायला लागेल. घरी बोलावू नका, घरात वहिनी, मुलगा, सगळे कान देऊन असतात. आयर्विन पुलाकडे फिरायला जा सकाळी, चालता चालता बोललं की एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

एकापेक्षा जास्त नेते असलेल्या फर्मचं कसं चालतं याचं आपल्याच भागातलं उदाहरण म्हणजे प्रभात फिल्म कंपनी. १ जून १९२९ ला कोल्हापुरात सुरू झाली, पाच भागीदार, दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि पैशाच्या बाजूने सीताराम कुलकर्णी. दामल्यांकडे ध्वनी आणि तांत्रिक बाजू, फत्तेलालांकडे कलादिग्दर्शन, धायबरांकडे कॅमेरा, शांतारामांकडे दिग्दर्शन, ज्याचं त्याचं खातं माहीत होतं. पुढे दामले आणि फत्तेलाल दोघांनी मिळून 'संत तुकाराम' केला, १९३६ साली. इतकी मोठी संस्था, पण १९४२ ला शांताराम बाहेर पडले, १९४५ ला दामले गेले आणि १९५३ ला प्रभात बंद झाली. कारणं पुष्कळ असतील, मला त्यातली एकच गोष्ट डाचते, खाती वाटून घेणं त्यांना फार छान जमलं होतं पण एकेका खात्यावर पुढचं माणूस उभं करणं हे वेगळं काम असतं आणि ते आपोआप होत नाही. तिच्याआधीची किर्लोस्कर नाटक मंडळी बघा, १८८० ची. अण्णासाहेब १८८५ लाच गेले तरी मंडळी पुढे कित्येक वर्षं चालली, कारण गाणारी, उभी राहणारी, व्यवस्था बघणारी माणसं आत तयार होती.

तर डीडमध्ये खाती लिहा. चित्र-अक्षर-रंग यात शेवटचा शब्द मित्राचा, दर-उधारी-वसुलीत तुमचा, दुसऱ्याने मत द्यावं पण अडवू नये. कर्ज, नवा भागीदार, जागा, दुकानाचं नाव कुणाला वापरू द्यायचं, यात सगळ्यांची सही. आणि अडलंच तर कुणाकडे जायचं तेही लिहा, दोघांचाही ज्याच्यावर विश्वास आहे असा एक माणूस. दोघांच्या फर्ममध्ये बहुमत कधी होतच नाही, हे लक्षात ठेवा.

त्या मुलीला दहा टक्क्यांपासून सुरुवात करून द्या, दर दोन वर्षांनी किती वाढणार ते लिहून, म्हणजे तिला कोल्हापूरच्या पगाराशी तुलना करायला काहीतरी ठोस राहील. तिच्याकडे भांडवल मागत बसू नका, अकरा वर्षं हेच भांडवल. पण तिला आधी वह्या दाखवा, सगळ्या, देणीसुद्धा. भागीदार झाली की पुढच्या देण्यांसाठी तिच्या घरापर्यंत जबाबदारी जाऊ शकते, तिच्या आईवडिलांना हे कळायला हवं, गोड बोलून सही घेऊ नका. ही जोखीम नको असेल तर एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, करता येते, २००८ च्या कायद्याखाली. त्यात भागीदार गेला तरी संस्था राहते, जबाबदारी साधारण घातलेल्या भांडवलापुरती, फक्त दरवर्षीचे फॉर्म वेळेवर भरायचे आणि उलाढाल ४० लाखांच्या वर किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेलं की ऑडिट. नऊ माणसांच्या स्टुडिओला मी तरी हाच रस्ता सुचवेन.

आणि मुलगा. त्याला नाही म्हणू नका, त्याने काही चूक केलेली नाही. त्याला यायचं असेल तर दोन वर्षं पगारावर येऊ दे, त्या मुलीच्या हाताखाली, हळदीच्या पाकिटापासून. ॲनिमेशन येतं म्हणजे तो जाहिरातीचे छोटे व्हिडिओ करू शकेल, ते काम आज तुमच्याकडे नाही, कदाचित त्याची खुर्ची बापाची नसेलच, नवीनच एखादी असेल. दोन वर्षांनी तिघांनी मिळून ठरवा. फक्त हे त्याच्या वडिलांनी त्याला सांगायचं, तुम्ही नाही.

ऑफरचं पत्र तिच्या हातात आहे म्हणता, तेव्हा तिच्याशी याच आठवड्यात बोला. डीड व्हायला दोन-तीन महिने लागले तरी चालेल, पण असा विचार चाललाय हे तिला तुमच्या दोघांच्या तोंडून एकत्र कळू दे.

प्रश्न : आम्ही दोघं मित्र साताऱ्यात लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करतो, सात वर्षं झाली. लेखी काहीच नाही, सगळं विश्वासावर. आता त्याला वेगळं व्हायचंय आणि पोवई नाक्यावर आमच्यापासून शंभर पावलांवर तो गाळा बघतोय. इन्स्टाचं खातं त्याच्या मोबाइल नंबरवर, कॅमेऱ्याचं कर्ज फर्मच्या नावावर, जुन्या लग्नांच्या हार्ड डिस्क माझ्याकडे. त्याला अडवता येईल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : त्याला फोटो काढण्यापासून अडवता येणार नाही आणि अडवूही नये, त्याचंही पोट त्यावरच आहे. राग मला समजतो, सात वर्षं कासला पहाटे चारला गाडी काढून गेलेली माणसं तुम्ही. पण तुमची शक्ती गाळ्यावर घालवू नका, बाकी तीन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत.

लेखी नसलं तरी भागीदारी होतीच, तोंडी करारही चालतो, आणि मग हिस्सा निम्मा-निम्मा धरला जातो. दोघांतला एक बाहेर पडला म्हणजे फर्मच संपली. तर ती नीट संपवा. कर्जाचं आधी. तुम्ही आपसात ठरवलंत की कॅमेरे मी ठेवतो, हप्ते मी भरतो, तरी बँकेला त्याचं काही नाही, बँक दोघांनाही धरू शकते. बँकेने लेखी मान्य केलं तरच तो सुटतो. म्हणजे बँकेत दोघांनी एकत्र जायचं, आणि हे त्याच्याही फायद्याचं आहे, या एका कारणाने तो टेबलावर बसेल.

मग जाहीर सूचना. फर्म संपल्याची सूचना राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका मराठी वर्तमानपत्रात द्यावी लागते. ती दिली नाही तर उद्या त्याने जुन्या नावावर कुणाकडून आगाऊ रक्कम घेतली आणि लग्नाला गेलाच नाही, तर ते लोक तुमच्या दारात येतील आणि त्यांचं चूक नसेल.

नाव आणि खातं. हिशेब मिटेपर्यंत दोघांपैकी कुणालाही फर्मच्या नावाने तसाच धंदा चालवू न देण्याचा हक्क दुसऱ्याला आहे. त्यामुळे इन्स्टाचं नाव आधी ठरवा. माझं मत, नाव ज्याच्याकडे राहील त्याने दुसऱ्याला त्याची किंमत द्यावी, आणि खात्यावर दोघांच्या सहमतीने एक पोस्ट टाकावी, आम्ही वेगळे होतोय, अमुक तारखेपर्यंतच्या ऑर्डरी दोघं मिळून पूर्ण करू. ज्या पोरीचं लग्न डिसेंबरात आहे तिला तुमच्या भांडणाशी काही देणंघेणं नाही. घेतलेल्या ऑर्डरी दोघांनी मिळूनच पार पाडा, हे मी आग्रहाने सांगते.

हार्ड डिस्कबद्दल तुम्हाला बहुतेक नवीन वाटेल. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा आणि फिल्मचा पहिला मालक, वेगळं ठरलेलं नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे त्या डिस्कमधली लग्नं तुमचीही नाहीत आणि त्याचीही नाहीत. दोघांनाही स्वतःच्या नव्या पेजवर ते फोटो लावायचे असतील तर त्या कुटुंबांना विचारा. एक प्रत त्याला द्या, एक तुम्ही ठेवा, आणि कुठला फोटो कुणी काढला हे दोघांनी खरं सांगा. साताऱ्यासारख्या गावात तुम्ही दोघं हॉलवर रोज समोरासमोर येणार आहात.

प्रश्न : आम्ही मिरजेत तंबोरे आणि सतारी बनवतो, तिसरी पिढी. वडील आणि चुलते मिळून दुकान चालवतात, दुकानाचं नाव आजोबांचं. वडील थकलेत. त्यांच्यानंतर मी आपोआप भागीदार होईन ना? आणि मिरजेच्या वाद्यांना जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, म्हणजे आमचं नाव सुरक्षित का? – एक वाचक, मिरज

उत्तर : दोन्हीचं उत्तर नाही असंच आहे, पण घाबरू नका.

भागीदारी कायद्याने करारातून येते, जन्माने येत नाही. चुलत्यांनी मान्य केलं तरच तुम्ही भागीदार. आणि आज ते दोघंच असतील तर वरच्या सांगलीच्या पत्राला लिहिलं ते सगळं तुम्हालाही लागू आहे, म्हणून वडील आहेत तोवरच तिसरे म्हणून तुमचं नाव घालून घ्या. चुलत्यांची मुलं असतील तर त्यांना बोलावूनच हे करा, पाठीमागे नको.

जीआय मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये मिळाला, तो गावाच्या कारागिरीचा आहे, सगळ्यांचा मिळून. तो वापरायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंद करून घ्या. आजोबांचं नाव ही वेगळी गोष्ट, त्याचा ट्रेडमार्क फर्मच्या नावाने घ्या, वडिलांच्या किंवा चुलत्यांच्या एकट्याच्या नावाने नको, नाहीतर पुढच्या पिढीत दोन दुकानं आणि एकच पाटी असं होतं.

पण मला तुम्हाला विचारायचंय, जवारी कोण काढतं? भोपळा पंढरपूरकडून आला, दांडी बसली, कोरीव काम झालं, पॉलिश झालं, तरी घोडीवर कानस फिरवून तार बोलती करणारा जो हात आहे आणि आता बास म्हणणारा जो कान आहे, तुमच्या दुकानाचा मालक खरं तर तो. तो कान वडिलांचा असेल तर रोज संध्याकाळी एक तंबोरा त्यांच्यासमोर घेऊन बसा, जवारी तुम्ही काढा, त्यांनी फक्त ऐकायचं आणि मान हलवायची. चुलत्यांनाही बसवा शेजारी. ज्या दिवशी दोघंही काही न बोलता तंबोरा खोळीत घालतील, त्या दिवशी डीडचा विषय काढा, त्याआधी सीएकडून मसुदा तेवढा तयार करून ठेवा.